अडखळलेली हाक

ते २०६३ साल होतं. बुधवार पेठेतल्या शिरोळेच्या दुकानात प्रभाताई आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप घ्यायला आल्या. त्यांचे कान पूर्ण गेले होते. आवाज त्या अशा लाटेतच पाहत. यजमानांच्या आवाजाची एकच कॅसेट उरली होती आणि तिची जीर्ण फीत आता एकदाच वाजणार होती. यशवंतराव जन्मभर अडखळत बोलले. त्या फितीत त्यांनी बायकोला हाक मारली होती, "प... प... प्रभा."

शिरोळे ओठ दिसतील असा समोर आला. "आजी, हा घ्या. दोनशे मेगाहर्ट्‌झ!"

"मला काय रेडिओ स्टेशन काढायचंय? लाट किती बारकाईने दिसेल, बिट किती, ते सांग."

"बारा. लाट आपोआप सुधारतो, पण ते बटणाने बंद करता येतं."

"मग आत्ताच बंद कर. माझ्यासमोर."

त्याने केलं. घरी येऊन जोडूनही दिलं. फीत फिरली आणि पडद्यावर एकच गुळगुळीत, सलग लाट उमटली. प्रभाताई बटण दाबत राहिल्या. फितीची तपकिरी भुकटी टेबलावर सांडत गेली.

शिरोळे पुन्हा त्यांच्या समोर आला. "बटण नुसतं दिखाव्यापुरतं असणार, आजी. आतली चिप अडखळणं दोष समजून गाळते. खरंच माहीत नव्हतं मला."

"दोष?" प्रभाताई ओरडल्या. "अरे, तसंच बोलायचे ते!"

शिरोळेने पुढे नवे स्कोप विकणं सोडलं. वर्षभराने तो एक जुना, काहीही न सुधारणारा स्कोप शोधून घेऊन आला. त्याला जोडायला प्रभाताईंकडे काही उरलं नव्हतं. त्या गेल्या तेव्हा तो खोक्यातच होता.