दोन संस्थांत हसणारी बाई

"ही बाई काल त्या दुसऱ्या संस्थेतही हसत होती," आजीने पडद्यावर बोट ठेवले. "तोच निळा स्वेटर, तोच कप. एकाच वेळी दोन ठिकाणी राहते की काय?"

नातीने कपाळाला हात लावला. वेबसाइट तयार करणे हाच तिचा व्यवसाय होता. गेला महिनाभर सुट्टीचा प्रत्येक दिवस ती आजीपुढे निवासी देखभाल केंद्रांच्या वेबसाइट उघडण्यात घालवत होती.

"आजी, असे फोटो विकत मिळतात. आम्हीही लावतो. हसरा चेहरा, शांत रंग, मोठी अक्षरं. माणसाचा विश्वास बसतो."

"माझा उडाला. पुढचं दाखव."

आजीचा मुलगा, म्हणजे नातीचे बाबा, खिडकीशी वर्तमानपत्र धरून बसला होता. दोन वर्षांपूर्वी त्याने नोकरी सोडली, तेव्हापासून ती खुर्ची त्याचीच होती. या चर्चेत तो पडत नसे. "तिथं जेवण किती वाजता असतं?" एवढेच त्याने मघाशी विचारले होते. आता पुन्हा विचारले.

"साडेबाराला," आजी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. रागावण्याइतके बळ हल्ली उरतच नसे. जिना चढताना ती दोनदा थांबे, आणि पंधरवड्यापूर्वी न्हाणीघरात पाय घसरल्यापासून तिचे मनगट सुजलेले होते.

"असं किती दिवस रेटायचं, आजी?" नात हळूच म्हणाली. "बाबांना वाईट वाटेल म्हणून थांबली आहेस ना?"

"तू भोचकपणा कमी कर आणि बटण दाब."

तिसरी वेबसाइट उघडताच नात ओशाळली. अक्षरे बारीक, फोटो तिरके, त्यातला एक तर पार काळोखा. "ही आमच्याकडे कुणी केली असती तर साहेबांनी त्याला घरी पाठवलं असतं. ग्राहक पाच सेकंदही थांबणार नाही."

आजी मात्र थांबली. स्वयंपाकघराच्या फोटोत दोरीवर फडकी वाळत होती. प्रत्येक परिचारिकेचे नाव आणि कामाची वेळ दिली होती. वर ठळक सूचना होती: 'लिफ्ट बंद आहे. दुरुस्तीला तीन आठवडे लागतील. क्षमस्व.' आजीने ती दोनदा वाचली.

"बिघडलेलं हे स्वतः होऊन सांगताहेत," ती म्हणाली. "उद्या काही बरंवाईट झालं, तर तेही लपवणार नाहीत. फोन लाव."

फोन व्यवस्थापिकेनेच उचलला. आजीने तिची उलटतपासणी घेतली. रात्री कोण जागे असते? बाहेरचे दार कोण लावते? गरम पाणी किती वेळ येते?

"आणि कुणी चिडलं, आरडाओरडा केला तर?"

"आधी शेजारी जाऊन बसतो," व्यवस्थापिका म्हणाली. "पुढचं पुढं."

आजीने सोमवार ठरवला.

सोमवारी तिघे पोहोचले तेव्हा लिफ्ट बंदच होती. मुलाचा हात धरून आजी दोन मजले चढली. मागून नात बॅग घेऊन आली. बॅगेतल्या प्रत्येक कपड्यावर आजीने स्वतः नाव शिवले होते.

खोली लहान होती, पण उजेड होता. आजीने गादी दाबून पाहिली, चादरीचा वास घेतला, गरम पाणी येईपर्यंत नळाशी उभी राहिली.

"फोटोत खोली यापेक्षा वाईट दिसते," ती म्हणाली.

"फोटो माझ्या नवऱ्यानं काढलेत," व्यवस्थापिका म्हणाली. "त्याला सांगून दमले."

पहिल्यांदाच आजी हसली. पुढे केलेल्या कागदांवर तिने सुजल्या हाताने सावकाश सह्या केल्या.

"पहिला आठवडा भेट नको, असं आम्ही सुचवतो," व्यवस्थापिका अदबीने म्हणाली. "घरच्यांना जड जातं, पण माणूस लवकर रुळतो."

नातीने तोंड फिरवले. आजी पलंगाच्या कडेवर टेकली. मुलगा तिच्या शेजारी बसला.

"चल," अखेर आजी नातीला म्हणाली. उठून तिने मुलाच्या केसांवरून एकदा हात फिरवला आणि नातीच्या आधाराने ती खोलीबाहेर पडली.

पावले जिन्यापर्यंत पोहोचेतो मुलगा पलंगावर बसूनच दाराकडे पाहत राहिला. मग त्याने व्यवस्थापिकेला विचारले, "त्या आजी कोण होत्या हो? फार दमलेल्या दिसल्या."