जिवापाड जपलेला कॉम्प्युटर

रोज संध्याकाळी काका कामाला बसले की कॉम्प्युटरचा पडदा निळा होऊन तो बंद पडायचा आणि खापर काकूंवर फुटायचं. "पत्ते खेळायला म्हणून तू हात लावतेस आणि त्याची वाट लागते!" मेकॅनिकने तो दोनदा दुकानात नेला. तिथे पठ्ठ्या दिवसभर हूं की चूं न करता चालला. शेवटी मेकॅनिकच घरी आला. पाहतो तर काय, सीपीयूचा डबा जाड मखमली कव्हरात नखशिखान्त गुंडाळलेला आणि हात लावावा तर तव्यासारखा तापलेला.

"काका, चालू असतानाही हे घालता?"

"अरे, धूळ बसते! स्वतः माप देऊन शिवून घेतलंय."

"धूळ परवडली, काका. आत वाराच जात नाही, जीव गुदमरतोय त्याचा. तापला की पडलाच बंद."

काका स्वयंपाकघराकडे चोरटी नजर टाकत हळूच म्हणाले, "हिला मात्र रॅम गेली होती म्हणून सांग."

काकू त्याला दारापर्यंत सोडायला आल्या.

"रॅम गेली होती, काकू."

"असेल बाबा. दुपारी हे घोरायला लागले की मी ते कव्हर काढते आणि चांगली तासभर पत्ते खेळते. माझ्यापुढे मेला एकदाही बंद पडला नाही."

"अहो, मग काकांना सांगायचं ना!"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं. हे नुसतेच ओरडतात."