कडुनिंबाचा पाला

माहेराहून आणलेल्या कॉम्प्युटरवर प्रियांकाच्या नवऱ्याने अँटिव्हायरस बसवला. “आये, भाताला कीड लागू नये म्हनून कणगीत कडुनिंबाचा पाला घालतो ना, तसंच हे,” त्याने आईला समजावलं. तेव्हापासून प्रियांकाने धसईतल्या घरात नोकरीची साइट उघडली की वाशिंदच्या कारखान्यात त्याच्या मोबाइलवर खबर जायची नि लगेच तिचा फोन वाजायचा. “कशाला उघडलीस गो? व्हायरस घुसल ना!” आज स्क्रीनवर चौकट उगवली: ‘तुमचं संरक्षण आज संपतंय. मुदत वाढवायची?’ खाली ‘होय’ आणि ‘नंतर’. तिच्या जिवात जीव आला. सासूची पाठ वळलेली बघून तिने हळूच ‘नंतर’ दाबलं. फोन वाजलाच. “‘नंतर’ कशाला गो? ‘होय’ दाब.” तिने ‘होय’ दाबलं. ‘अभिनंदन! तुम्ही वर्षभर सुरक्षित आहात.’ मागे सासू पाला घालून भरल्या कणगीचं तोंड शेणाने गच्च लिंपत होती.