खुर्चीतलं कमळ

"पाय हलता हा तिचो," यशोदा म्हणाली.

"पाय नाय हलणा. जमीन वर-खाली आसा," असं म्हणत हरिश्चंद्र मास्तरांनी खुर्चीच्या मागच्या पायाखाली पाचर आणखी आत ठोकली.

"आणि पावणो पडलो म्हणजे? चेडू जल्मभर घरातच ऱ्हवतला!"

मास्तरांनाही तीच धास्ती होती. त्यांची मुलगी सुगंधा फायनल पास झालेली, दिसायला चांगली, आणि तरी दोन ठिकाणांहून नकार आलेला. आज मालवणातलंच स्थळ येत होतं. मुलाचे वडील सत्यवान तांडेल म्हणजे गलबताचा मालक, अंगाने हा एवढा धिप्पाड. बसायला द्यायचं तर घरात ही एकच खुर्ची, आणि तीही मास्तरांच्या हातची!

मास्तर शाळेत शिकवायचे ते पोटासाठी. जीव होता तो रविवारच्या सुतारकामात. खुर्चीचा सांगाडा कुणीतरी परसात टाकून दिलेला. बैठक मात्र समुद्राने दिलेली. गेल्या पावसात किनाऱ्याला लागलेली एक जाडजूड फळी मास्तरांनी ओढत घरी आणली होती. फळीवर कमळ कोरलेलं होतं. त्याला रंधा लागू नये म्हणून त्यांनी केवढा जपून हात चालवला, आणि कमळ बरोब्बर बैठकीच्या मधोमध आणलं. देव कमळावर बसतात, मग व्याह्याने का बसू नये? मास्तरांचा जन्म फोंडाघाटातला. मालवणात नोकरी करून केस पांढरे झाले, पण होडीत पाय म्हणून कधी ठेवला नव्हता.

तांडेल आले. मागून त्यांचा मुलगा दत्ताराम, मान खाली घालून.

"या, या! बसा ना!" मास्तर घाईघाईने म्हणाले. घाबरले की ते पुस्तकी मराठीवर यायचे. "अगदी आरामात बसा."

तांडेल खुर्चीजवळ गेले आणि तिथेच थबकले. मग खाली वाकले.

मेलो, पाचर दिसली, मास्तरांच्या मनात आलं. दाराआडून यशोदेने मान पुढे काढली.

तांडेलांनी कमळावरून हात फिरवला. मग डोक्यावरची टोपी काढली, खुर्चीला नमस्कार केला आणि सरळ खाली जमिनीवर बसले. दत्तारामही त्यांच्या शेजारी बसला. घरमालक उभे, पाहुणे जमिनीवर आणि खुर्ची रिकामी! झालं, हेही स्थळ गेलं, यशोदेने मनाशी म्हटलं. तिचे डोळे भरून आले.

"मास्तर, ही फळी खंय गावली?"

"किनाऱ्याला लागली होती. का? काही चुकलं का?"

"ही गलबताच्या नाळेची. नाळ म्हणजे फुडला टोक. ह्या कमळार आमी हळद-कुंकू लावतव, नारळ ठेवतव, मगे गलबत दर्यात घालतव. हेका आमी पाय लावणव नाय. बसाची गोष्ट खंय रवली!"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. ते खालीच बसले. "माका... माका ठावक नव्हता हो! तुमच्या गलबताची काय ती?"

"नाय. आमची नाय. पण कोणाची तरी आसा मा?"

एवढ्यात सुगंधा पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. सगळे खाली बसलेले बघून क्षणभर गोंधळली, मग बश्या सगळ्यांपुढे ठेवून आईजवळ दाराशी जाऊन उभी राहिली. तिला नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळं घोकून घेतलेलं होतं. तांडेलांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"बाय, ह्या खुर्चेर कोण बसला काय गो?"

यशोदेने डोळे वटारले. मास्तर पोह्यांकडे बघत राहिले. खुर्ची वजन धरते का बघायला आठवडाभर दोघंही तिच्यावर बसले होते. मास्तरांनी तर उड्यासुद्धा मारून बघितल्या होत्या.

"बाबा बसले. आई बसली," सुगंधा म्हणाली. "मी नाय बसलंय."

"कित्याक?"

"तेका खिळ्यांची भोकां आसत. बाबांनी बुजवल्यानी, तरी दिसतत." ती फळीकडे बघत होती. "माका वाटला, हेच्यावरची माणसां खंय गेली आसतली?"

दत्तारामने पहिल्यांदा मान वर केली आणि सुगंधाकडे बघितलं. तांडेलांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

"मास्तर, आमका ह्या चेडू पसंत. माझो झील पावसाळो सोडलो तर घरात नसता, दर्यार आसता. तेच्या घरात असाच माणूस व्हया. दिवाळेनंतरचो मुहूर्त बघा."

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी तांडेलांचे दोन्ही हात धरले. "गो, आयकलस काय?" ते दाराकडे वळून ओरडले. "साखर घेवन ये!"

यशोदा जागची हलली नाही. सकाळपासून ज्या होकारासाठी तिने देवाला गाऱ्हाण्यांवर गाऱ्हाणी घातली होती, तो मिळाला होता. पण तिची नजर खुर्चीतल्या फळीवर होती. तिथून ती दत्तारामकडे गेली, त्याच्या कोवळ्या मिशीकडे, आणि तिला राहवेना.

"तांडेलानू," तिने दाराआडूनच विचारलं, "झिलाक तुमच्या दर्यात पोवाक येता मा?"