दोन फळ्यांचा सांधा

क्लबच्या खोलीत कोणी नाही याची खात्री करून हेडलीने दार आतून लावले आणि विल्फची फळी टेबलावर आडवी ठेवली. शुक्रवारची दुपार होती. थोड्या वेळाने विल्फ व्हॅन घेऊन येईल, नेहमीप्रमाणे सगळ्या फळ्या आपल्या गॅरेजमध्ये नेईल आणि उद्या सकाळी त्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये मांडेल.

दुसऱ्याच्या फळीला हात लावायचा नाही. रेल्वेच्या प्रतिकृती बनवणाऱ्या यॉर्कशायरमधल्या त्या छोट्या क्लबात हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. गावचा जुना मालधक्का त्यांनी पाच फळ्यांवर उभा केला होता. बोटभर लांबीचे डबे, काडेपेटीपेक्षा लहान लॉऱ्या. फळी ज्याची त्याची. पाचही जोडल्या की रूळ सलग व्हायचे.

काँक्रीट हा हेडलीचा प्रांत. प्लास्टरचा पातळ थर, वाळल्यावर काचकागद, मग पोलादी पट्टी धरून सुईने ओढलेल्या चौकोनांच्या रेघा. कोपऱ्यांना भेगा, रुळांमध्ये तेलाचे डाग. रंगात थोडी टाल्कम पावडर, म्हणजे चकाकी मरते. विल्फ हे सगळे त्याच्याकडूनच शिकला होता आणि त्याची फळी हेडलीच्या फळीला लागूनच असायची.

अडचण तिथेच होती. सांध्याच्या अलीकडे हेडलीचे काँक्रीट स्वच्छ करडे, पलीकडे विल्फचे पिवळट, चहा सांडल्यासारखे. तशी प्रदर्शनाहून परतल्यावर हेडलीची फळीही पिवळी पडलेली असायची. पण तो ती दर वर्षी नव्याने रंगवायचा. विल्फला मात्र आपला पिवळेपणा दिसतच नव्हता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांचे काहीतरी बिनसले होते.

मंगळवारी हेडलीने हे मॉरीनच्या कानावर घातले. क्लबची अध्यक्ष तीच. ती बराच वेळ कपात चमचा फिरवत राहिली. आणखी कोणाशी बोललास का, असे तिने विचारले. त्याने नाही म्हटले.

"बरं केलंस," मॉरीन म्हणाली. "सिरिलचं झालं तसं पुन्हा नको."

सिरिलचे हात थरथरू लागले तेव्हा सभेत मत घेऊन त्याची फळी वगळली होती. हेडलीनेही हात वर केला होता. त्यानंतर सिरिल क्लबात फिरकला नाही. बाजारात समोर दिसला तर रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. विल्फवर ती वेळ येऊ द्यायची नाही, असे हेडलीने ठरवले होते.

त्याने पांढऱ्यात काळा मिसळला, निळ्याचे दोन थेंब टाकले. पूर्वी तो त्यात चमचाभर क्रीम रंगही घालायचा. ते त्याने केव्हाच सोडले होते. क्रीमने सगळे पिवळे दिसते.

विल्फच्या चौकोनांवरून ब्रश फिरू लागला. काम उत्तम होते. रेघा सरळ, भेगा केसासारख्या. एका कोपऱ्यात ओल्या काँक्रीटवरून चालत गेलेल्या मांजराची पावलेसुद्धा विल्फने उमटवली होती. ती बुजू नयेत म्हणून हेडलीने तिथे अगदी टोकाने रंग लावला आणि त्याचे कान तापले. मित्राच्या खिशात हात घातल्यासारखे वाटत होते.

विल्फ आला तेव्हा रंग वाळला होता.

"आज तू आधीच हजर?"

"रूळ पुसत होतो," हेडली खोटे बोलला.

विल्फने फळ्यांकडे पाहिले, मग हेडलीच्या बाहीकडे. "नव्या शर्टाला रंग फासलास की रे."

"नवा कसला, पोतेरं झालंय. पोरीनं साबण बदलला तेव्हापासून घरात पांढरं म्हणून काही उरलं नाही. सगळं पिवळं."

एरवी विल्फने यावर दोन टोमणे मारले असते. आज तो सरळ फळ्या गाडीत ठेवू लागला.

शनिवारी हेडली हॉलमध्ये पोचला तेव्हा मांडणी झाली होती. सांधा शोधावा लागत होता. दोन्ही फळ्यांवरचे काँक्रीट एकसारखे होते, एकसारखे पिवळट. हॉलच्या दिव्यांचा दोष. दर वर्षी इथे असेच व्हायचे.

धक्क्यावर पूर्वी हमाली केलेले एक आजोबा काठी टेकत आले आणि वाकून पाहत राहिले. इथेच आपण पाय घसरून पडलो होतो, अगदी हाच रंग, असे ते बायकोला सांगत होते. हे कोणी केले, असे त्यांनी विचारले.

विल्फने हेडलीकडे बोट दाखवले. "काँक्रीट याचं. मी आपला शिकाऊ."

आजोबांनी हेडलीचा हात हातात घेऊन दाबला. हेडलीला त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही.

दुपारी दोघे मांडणीच्या मागे खोक्यांवर बसले. विल्फचे डोळे लाल होते, नखांच्या कडांना करडा रंग. त्याने चीज आणि लोणच्याचे सँडविच कागदातून सोडवले. त्याच्या त्या दमलेल्या डोळ्यांकडे पाहून हेडलीला राहवेना.

"विल्फ, काल मी तुझी फळी रंगवली. तुला न विचारता, चोरासारखी. तुझ्या डोळ्यांना हल्ली रंग नीट दिसत नाहीत, आणि ते कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून... मला लाज वाटते रे."

विल्फने सँडविचचे दोन तुकडे केले आणि मोठा हेडलीच्या हातात दिला.

"माहीत आहे," तो म्हणाला. "दर वर्षी प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मला तुझी एकच फळी परत रंगवावी लागते, हेडली. काल दोन रंगवाव्या लागल्या."