एक तरी आठवण

"आणि ही खुर्ची," सिद्धांतने खिडकीजवळची खुर्ची मागे ओढली. "मागच्या वेळी तुम्ही इथेच बसला होतात. म्हणजे, तू बसली होतीस."

अपूर्वा हसली. "मी काय तुझी बॉस आहे?"

"दिवसभर ऑफिसात जर्मनमध्ये सगळ्यांशी आदराने बोलायचं. जिभेला तेच वळण लागलंय."

ती बसली. खुर्ची अनोळखी, खिडकी अनोळखी आणि खरं सांगायचं तर समोरचा नवराही अनोळखीच. आठ महिन्यांपूर्वी ऑटोबानवर गाडी उलटली आणि तिच्या डोक्यातली शेवटची तीन वर्षं साफ पुसली गेली. पुण्यातलं कॉलेज आठवत होतं, परीक्षेच्या हॉलमधला करकरणारा पंखासुद्धा आठवत होता. पण लग्न, जर्मनी, संसार, कशाचाच पत्ता नव्हता. हॉस्पिटलमध्ये शुद्ध आली तेव्हा उशाशी सिद्धांत होता. त्यानेच सांगितलं, आपलं लग्न झालंय. घरच्यांच्या मनाविरुद्ध केलं, म्हणून माहेरचे बोलत नाहीत. बाबांचा स्वभाव माहीत असल्यामुळे तिला ते पटलंही.

माणूस मात्र सोन्यासारखा. स्वयंपाक त्याचा, औषधांच्या वेळा त्याच्या लक्षात, आणि झोपायचा वेगळ्या खोलीत. "एक तरी आठवण माझी मला परत येऊ दे," तिने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. "मग मी तुझी बायको. तोवर मला जमायचं नाही." त्यावर तो एका शब्दाने बोलला नव्हता. असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही आणि आपण त्याला आठ महिने दारात उभं करून ठेवलंय, याची आताशा तिला लाज वाटायची.

डॉक्टर म्हणाले होते, पूर्वी जिथे आनंदात होतात अशा एखाद्या जागी जाऊन या. ड्रेस्डेनचं नाव बोलता बोलता सिद्धांतच्याच तोंडून निघालं होतं. निघालं खरं, पण मग त्याची टाळाटाळ सुरू झाली. कधी सुट्टी नाही, कधी ट्रेनचा संप, कधी नुसताच पाऊस. शेवटी तिनेच तिकिटं काढली.

सकाळपासून तो दाखवत होता आणि ती बघत होती. राजवाड्याचं अंगण, काळ्या पडलेल्या दगडांचे पुतळे, एल्बे नदीकाठची लांबलचक गच्ची. "इथे तुझी चप्पल तुटली होती. इथे तू रुसून बसलीस." प्रत्येक ठिकाणी तो विचारायचा, "आठवतंय?" ती मान हलवायची. तो लगेच म्हणायचा, "राहू दे, ताण नको घेऊ."

केक आला. इथला प्रसिद्ध, पिवळ्या मऊ थराचा.

"तू दोन संपवले होतेस," तो म्हणाला.

तिने घास घेतला. गोड होता, बाकी काही नाही.

"आता त्या समोरच्या चर्चच्या घुमटावर जाऊ," ती म्हणाली.

"वर नको. तुला गरगरेल."

"मागच्या वेळी गेलो होतो का?"

तो बशीतले कण बोटाने गोळा करत राहिला. "गेलो होतो."

"मग चल."

घुमटाच्या आतून गोल गोल चढण होती. दोन्ही बाजूंना फिकट भिंती, पुढचं काही दिसत नव्हतं. स्वतःच्याच पावलांचा आवाज मागून कोणीतरी येत असल्यासारखा यायचा. अपूर्वाने दोनदा वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"सिद्धांत, त्या दिवशी गाडी चालवणारा तुझा मित्र. मयुरेश. जागच्या जागी गेला ना तो? त्याची बायको कुठे असते आता?"

सिद्धांतची पावलं थांबली. "इथेच. जर्मनीत."

"कशी आहे?"

"सावरतेय. मी लक्ष ठेवून असतो."

"एकदा भेटायला हवं तिला. मला तर त्याचा चेहराही आठवत नाही. काय सांत्वन करणार मी, कपाळ?"

"भेटशील कधीतरी," तो म्हणाला. "दम लागलाय तुला. उतरूया का?"

तिने ऐकलं नाही. शेवटचा अरुंद जिना चढून ती उघड्यावर आली. गार वारा अंगावर आला. खाली नदी, लाल छपरं, मुंग्यांएवढी माणसं. तिने कठड्याला पाठ टेकली आणि त्याच क्षणी ते आलं.

खांद्यावर एक जड, उबदार हात. कानाशी हसणं.

हे तिला कोणीही सांगितलेलं नव्हतं.

"सिद्धांत, आठवलं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "काय?"

"आपण इथेच उभे होतो. तुझा हात माझ्या खांद्यावर होता." तिला रडू फुटलं. "माझी मला आठवण आली रे."

कोंडलेला श्वास त्याने हळूहळू सोडला. "हो," तो म्हणाला. "होता."

तिने त्याचा हात ओढून खांद्यावर घेतला. आठवणीतल्यापेक्षा तो हलका वाटला. वाऱ्यामुळे असेल. "घरी गेलो की माझं सामान तुझ्या खोलीत हलवू," ती म्हणाली, आणि त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं.

आणखी काही येतंय का म्हणून तिने डोळे मिटले. आलं. तोच कठडा, तोच जड हात, तेच हसणं. आणि आता आवाजही आला. सिद्धांतचाच होता, पण शेजारून नव्हे, समोरून. मोबाइल डोळ्यांसमोर धरून तो म्हणत होता, "मयुरेशदादा, वहिनींना जरा जवळ घे की."