मिठागर कोण घेणार

मिठागराच्या बांधावर पाय ठेवला आणि ओडिलच्या लक्षात आलं. मुलगा तिला नुसतं फिरायला म्हणून नुआरमूतिए बेटावर घेऊन आला नव्हता. तो तिच्या दिराला, आर्मेलला, शब्द द्यायला आला होता.

"वहिनी, तुझा जिल्दा म्हणजे सोनं आहे सोनं," आर्मेल म्हणाला. "आईसाठी शहरातली नोकरी सोडून माझं मिठागर घेतोय. माझे गुडघे तर गेलेच आता."

जिल्दाने मान खाली घातली. "नांत शहरात माझ्याकडे आल्यापासून आई दिवसभर खिडकीत बसते, काका. बोलत नाही, हसत नाही. मला बघवत नाही."

ओडिलने आपल्या हातांकडे पाहिलं. अर्धं आयुष्य याच बेटावर, सकाळी धक्क्यावर तारल्या साफ करण्यात आणि दुपारी मीठ ओढण्यात गेलं होतं. बोटांच्या भेगा आता कुठे भरून आल्या होत्या. गप्प राहावं, तर पोरगा जन्मभर इथे वाकणार. बोलावं, तर त्याचं मन मोडणार.

"जिल्दा," ती एका दमात म्हणाली, "मी खिडकीत बसते ती समोरच्या बेकरीवाल्याची आणि त्याच्या बायकोची भांडणं ऐकायला. एक शब्द सुटू नये म्हणून गप्प असते. मला नाही यायचं इथे परत."

 जिल्दा मटकन बांधावरच बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"आई गं, मला तर फावडंसुद्धा धड धरता येत नाही. काळजीने जेवण जात नव्हतं."

"मग बोलायचं नाही का, मेल्या?"

"तू तरी कुठे बोललीस?"

ओडिलही हसायला लागली. 

आर्मेल तेवढा हसला नाही. "तुमचं मायलेकांचं झालं. माझं मिठागर आता कोण घेणार?"

ओडिलने पलीकडच्या वाफ्याकडे बोट दाखवलं. आर्मेलची मुलगी सोलेन विजार गुडघ्यापर्यंत दुमडून लांब दांड्याच्या फळीने मीठ काठाशी ओढत होती.

"तिला विचारलंस कधी?"

"तिला?" आर्मेल घुटमळला. मग तोंडाशी हात धरून त्याने हाक मारली, "सोलेन! इकडे ये गं जरा, बोलायचंय!"

सोलेनने मानही वर केली नाही.

"थांबा हो बाबा!" ती ओरडली. "आभाळ बघा किती भरलंय. आधी आपलं मीठ तर निघू दे!"